आजचं चिंतन : 'ताप' म्हणजे काय?



आज वाचनाला गीतेचा सतरावा अध्याय होता. श्लोक १४ ते १६ मध्ये भगवंत शरीराचं, वाणीचं आणि मनाचं तप सांगतात. वाचता वाचता मन मात्र 'ताप' या शब्दावर अडकलं. तप आणि ताप, दोघांचा धातू एकच : तप्, म्हणजे तापणे.

आमच्या बेंबळीत हा शब्द रोज कानावर येतो. पोराला ताप भरला, रान तापलं. शहरात आपण म्हणतो, "डोक्याला ताप नको." संताप, अनुताप, पश्चात्ताप ही सगळी याच घरातली भावंडं.

शास्त्रात ताप तीन प्रकारचे आहेत. आध्यात्मिक म्हणजे आपल्याच शरीर-मनातला : आजारपण, काळजी, मत्सर. आधिभौतिक म्हणजे इतर जिवांकडून होणारा : साप चावणं, कुणी फसवणं. आधिदैविक म्हणजे निसर्गाचा, दैवाचा : १९७२ चा दुष्काळ, किंवा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारी-सास्तूरचा भूकंप. 'शांतिः' तीनदा म्हणतात ते या तिन्हींच्या शमनासाठी.

मग फरक कुठे? तप आपण स्वतःहून घेतो, ताप वाट्याला येतो. इथेच आपली गल्लत होते.

एका वर्षी माझ्या चुलत्यांचं काढणीला आलेलं सोयाबीन पावसात गेलं. भेटायला येणारे म्हणायचे, "भोग असतात, तपच समजा." काका गप्प. शेवटी काकू म्हणाली, "तप करायला आम्ही कुठं बसलो होतो? आमचं पीक गेलंय."

काकूचं म्हणणं गीतेला धरूनच आहे. याच अध्यायात, श्लोक ५ आणि ६ मध्ये, देहाला छळणाऱ्या घोर तपाला भगवंत आसुरी म्हणतात. म्हणजे नुसतं सोसणं पवित्र नसतं. स्वतःच्या तापाचं तप करता आलं तर ती कृपा. दुसऱ्याच्या तापाला तप म्हणणं हे मात्र आपलं काम नव्हे.

आमच्याच जिल्ह्यात तेर आहे, गोरोबाकाकांचं गाव. त्यांनी संतांची डोकी थापटून कच्चं मडकं ओळखलं, ही कथा आपण ऐकलेली असते. पण भाजण्याआधी कुंभार मडकं सावलीत वाळवतो. ओलं मडकं थेट जाळात घातलं तर तडकतं. माणसाचंही तसंच. पोळलेल्याला आधी सावली द्यावी, उपदेश मागाहून.

पसायदानात माउली काय मागतात आठवा. लोकांना ऊन सोसता यावं असं त्या म्हणत नाहीत. ज्याला तापच नाही असा सूर्य मागतात.

आजचा अभ्यास : आज कुणी आपलं दुःख सांगितलं, तर पाच मिनिटं फक्त ऐका. "भोग आहेत" म्हणू नका. मग विचारा, "मी काय करू?"

राम कृष्ण हरी!