हायब्रिड गाडी म्हणजे काय? तिचे प्रकार कोणते?



चौथीच्या वर्गात वाहतुकीची साधने शिकवताना मी सांगितलं, "हायब्रिड गाडी पेट्रोलवर आणि विजेवर चालते." लगेच एका मुलाने विचारलं, "बाई, आमच्या गाडीवर हायब्रिड लिहिलंय, पण पप्पा ती कधीच चार्जिंगला लावत नाहीत. मग वीज येते कुठून?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचून जे समजलं, ते आज सांगते.

हायब्रिड ज्वारी दोन वाणांच्या संकरातून येते, तशी या गाडीत इंजिन आणि विजेची मोटर अशी जोडी असते. मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली हायब्रिड कार, टोयोटा प्रियस, १९९७ साली जपानमध्ये आली.

आता वीज कुठून येते? सायकलचा डायनॅमो आठवा. चाक फिरलं की दिवा लागतो. हायब्रिडमध्ये वेग कमी करताना मोटरच डायनॅमोचं काम करते आणि बॅटरी भरते. गरजेनुसार इंजिनही बॅटरी भरतं.

मुख्य प्रकार तीन :

१) माइल्ड हायब्रिड : मोटर लहान असते. ती इंजिनाला फक्त हातभार लावते, एकटी गाडी चालवू शकत नाही.

२) स्ट्राँग हायब्रिड : मोटर आणि बॅटरी मोठी असते. कमी वेगात, थोडं अंतर गाडी फक्त मोटरवर चालते. चार्जिंगला लावावी लागत नाही.

३) प्लग-इन हायब्रिड : बॅटरी आणखी मोठी असते. घरी चार्ज करून काही दहा किलोमीटर विजेवर जाता येतं, पुढे पेट्रोल आहेच. पण चार्जच केली नाही, तर जड बॅटरीचं ओझं उगाच वाहायचं!

पालकहो, इथेच फसगत होते. मारुतीची ग्रँड व्हिटारा २०२२ मध्ये माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन्ही प्रकारांत आली. गाडी तीच, पण जाहीर मायलेज माइल्डचं (मॅन्युअल गिअर) लिटरला २१.११ किमी, तर स्ट्राँगचं २७.९७ किमी. म्हणून नुसत्या 'हायब्रिड' शब्दावर जाऊ नका. दोनच प्रश्न विचारा : ही फक्त मोटरवर चालते का? बाहेरून चार्ज करता येते का?

मुलांनाही हेच दोन प्रश्न द्या आणि शेवटी एवढं नक्की सांगा : जी हायब्रिड बाहेरून चार्ज होत नाही, तिची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. ती पेट्रोल वाचवते, पण पेट्रोलशिवाय चालत नाही.

त्या मुलाच्या पप्पांची गाडी माइल्ड निघाली. उत्तर त्यानेच वर्गाला समजावून सांगितलं!