टीव्ही फोनला दिसत नाही? राउटर विकायची घाई करू नका



या आठवड्याचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला, त्यांच्यासाठी ही लेखी उजळणी. ज्यांनी पाहिला नाही, त्यांनाही हे वाचून काम करता येईल. विषय साधा आहे: घरातला स्मार्ट टीव्ही, क्रोमकास्ट किंवा साउंडबार फोनवर दिसत नाही, तर कारण कसं शोधायचं आणि त्या कामाचे पैसे कसे घ्यायचे.

आधी एक चूक सांगतो. आपल्या बॅचमधला लोअर परळचा एक मुलगा वायफाय आणि सीसीटीव्हीची कामं करतो. एका रविवारी त्याला टॉवरमधल्या काकूंचा फोन आला, "अरे, मोबाइलवरचं टीव्हीवर जातच नाहीये. संध्याकाळी पाहुणे येणारेत, नातवाच्या बारशाचा व्हिडिओ दाखवायचाय." हा गेला. टीव्ही रीसेट केला, फरक पडला नाही. मग राउटरच्या मागच्या भोकात पिन घालून तोही रीसेट केला. राउटर कोरा झाला! इंटरनेट जोडणीचा युजरनेम आणि पासवर्ड त्यातच भरलेला होता, घरात कुणी लिहून ठेवला नव्हता. टीव्ही राहिला बाजूला, अख्ख्या घराचं नेट बंद. कंपनीचा माणूस उगवला मंगळवारी. आपल्या मुलानं एक रुपया घेतला नाही, तरी त्या इमारतीतून त्याला परत फोन आला नाही.

नंतर आम्ही त्यानं काढलेले सेटिंगचे फोटो बघितले. टीव्हीचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता, फोनचा १९२.१६८.० ने. बिघाड कशातच नव्हता. बेडरूममध्ये रेंज येत नाही म्हणून दुसरा राउटर लावला होता. टीव्ही एकावर होता, फोन दुसऱ्यावर. दहा मिनिटांचं काम होतं.

हे होतं कसं?

चाळ आठवा. गॅलरीत उभं राहून "अहो, कुणाकडे स्क्रूड्रायव्हर आहे का?" असं ओरडलं की मजल्यावरचे सगळे ऐकतात आणि ज्याच्याकडे आहे तो ओ देतो. फोन टीव्हीला असाच शोधतो. तो नेटवर्कवर सगळ्यांसाठी हाक टाकतो, तिला मल्टिकास्ट म्हणतात. क्रोमकास्ट आणि एअरप्ले एमडीएनएस पद्धतीनं हाक मारतात, तिचा पोर्ट ५३५३. डीएलएनएवाले टीव्ही आणि मीडिया सर्व्हर एसएसडीपी वापरतात, तिचा पोर्ट १९००. आकडे पाठ नसले तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते एकच: ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. शेजारच्या विंगमध्ये तुमची गॅलरीतली हाक पोचत नाही, तसंच.

म्हणून नेट उत्तम चालतं, यूट्यूब टीव्हीवर वेगळं चालतं, फोनवर वेगळं चालतं, आणि तरी दोघं एकमेकांना दिसत नाहीत. ग्राहकाला वाटतं टीव्ही खराब झाला. तुम्हाला तसं वाटता कामा नये.

आता आपल्या भागाचं बघा. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत खोली १६० चौरस फुटांची. तिथे एक राउटर पुरून उरतो. पुनर्विकासातली घरं ५०० चौरस फुटांची, टॉवरमधले फ्लॅट त्याहून मोठे. मधे काँक्रीटच्या भिंती आल्या, की दुसरा राउटर येतो. आणि दुसरा राउटर आला, की ही तक्रार येते. काम इथेच आहे, मंडळी.

तपासणीचा क्रम

क्रम बदलू नका. सोपं आणि बिनधोक आधी, धोक्याचं शेवटी.

१. तीन प्रश्न विचारा. कधीपासून दिसत नाही? एकाच फोनवर की सगळ्यांच्या? त्या सुमारास घरात नवीन काय आलं? एकाच फोनवर अडत असेल तर राउटरला हात लावू नका, तो फोन बघा.

२. टीव्ही जागा आहे का? टीव्ही आणि फोन बंद करून चालू करा. क्रोमकास्टला वीज टीव्हीच्या यूएसबीमधून दिली असेल, तर टीव्ही बंद झाल्यावर तोही बंद होऊ शकतो.

३. पत्ते जुळवा. फोनच्या वायफाय माहितीत आणि टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी पत्ता असतो. घरगुती नेटवर्कमध्ये साधारणपणे पहिले तीन आकडे सारखे हवेत. वायफायच्या नावावर जाऊ नका, दोन राउटरना एकच नाव दिलेलं असू शकतं. फोन चुकून मोबाइल डेटावर नाही ना, तेही बघा.

४. गेस्ट वायफाय. पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम तोडलेलं असतं. टीव्ही किंवा फोन त्यावर असेल तर मुख्य वायफायवर आणा. राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' चालू असेल, तर मुख्य वायफायवरही हेच होतं.

५. फोनची परवानगी. २०२० च्या आयओएस १४ पासून आयफोनवरचं ॲप 'लोकल नेटवर्क'ची परवानगी मागतं. कुणीतरी घाईत नकार दिलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. व्हीपीएन असेल तर बंद करून बघा. विंडोज लॅपटॉपवर नेटवर्क 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा, पण फक्त घरच्या वायफायवर.

६. दोन राउटर. पत्ते जुळले नाहीत तर बहुधा हेच. दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट मोड'वर टाका. मग तो फक्त रेंज वाढवतो, वेगळं नेटवर्क उभं करत नाही. नंतर फोन आणि टीव्ही पुन्हा जोडून पत्ते परत तपासा.

७. राउटरच्या आतलं. एवढं करूनही दिसत नसेल, तर फर्मवेअर अपडेट आणि 'आयजीएमपी स्नूपिंग'. एका वेळी एकच बदल करा आणि आधीच्या स्थितीचा फोटो काढून ठेवा.

रीसेट या यादीत नाही, हे लक्षात आलं का? करावाच लागला तर जोडणीचा युजरनेम-पासवर्ड हातात असल्याशिवाय आणि ग्राहकाला विचारल्याशिवाय नाही.

कधीकधी दोष घरात नसतोच. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट जगभर एकाएकी बंद पडले. कारण होतं मुदत संपलेलं प्रमाणपत्र. गूगलनं तेव्हा सांगितलं होतं, फॅक्टरी रीसेट करू नका. ज्यांनी घाईनं केला, त्यांची अडचण वाढली. एकाच मॉडेलच्या दोन-तीन तक्रारी एका दिवशी आल्या, तर हात लावण्याआधी बातमी शोधा.

पैशाचं बोलू

समजा, नवा राउटर विकून तुम्हाला २५० रुपये सुटतात. तपासणीची फी ३०० ठेवलीत तर भांडवल न गुंतवता त्याहून थोडं जास्तच मिळतं, आणि ग्राहकाचे राउटरचे पैसे वाचतात. पण ही फी फोनवरच सांगा: "काकू, येऊन तपासायचे ३०० होतील. सामान लागलंच तर आधी विचारेन." काम झाल्यावर सांगितलेली फी भांडण होते.

निघताना एक चिठ्ठी द्या: कोणतं उपकरण कोणत्या राउटरवर आहे, काय बदललं, तारीख, तुमचा नंबर. वायफायचा पासवर्ड ग्राहकालाच टाइप करू द्या, तुमच्या फोनमध्ये ठेवू नका. लोक तुम्हाला घरात घेतात ते विश्वासावर.

त्या मुलाचं पुढे काय झालं? तो त्या काकूंकडे परत गेला, चूक कबूल केली आणि दुसरा राउटर फुकट लावून दिला. त्या इमारतीतून अजून काम आलेलं नाही. पण आता तो पिन बॅगेतच ठेवतो आणि आधी पत्ते बघतो.

गृहपाठ: आज स्वतःच्या घरी टीव्ही आणि फोनचे आयपी पत्ते शोधून वहीत लिहा. मग फोन गेस्ट वायफायवर टाका आणि टीव्ही दिसेनासा होतो का, ते बघा. बिघाड स्वतः करून पाहिला, की दुसऱ्याच्या घरी तो लगेच ओळखू येतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत!