क्रोमचे पाणी नाल्यात सोडण्यापूर्वी

अंधेरी-साकीनाका भागात क्रोम प्लेटिंग करणाऱ्या बांधवांसाठी आज हा विषय घेत आहोत. धुवणीचे पिवळे पाणी नाल्यात सोडले की ते मिठी नदीत पोहोचते. त्यातील षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. नदीनाल्यात सोडण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. साधे पाणी मिसळून पातळ करणे हा इलाज नव्हे.

प्रथम गंधकाम्लाने पीएच २ ते ३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट घालावे. वाफ उग्र असते, म्हणून हवा खेळती ठेवावी. पाणी हिरवट झाले म्हणजे क्रोमियम कमी विषारी रूपात आले. मग चुन्याने पीएच ८ ते ९ केला की ते गाळ होऊन तळाशी बसते. हा घातक कचरा आहे; तो तळोज्याच्या अधिकृत केंद्राकडेच पाठवावा.

सायनाइडचे पाणी मात्र वेगळ्या टाकीत ठेवा. त्यात आम्ल पडल्यास प्राणघातक वायू सुटतो.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली मंडळ वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. त्यापेक्षा चुना आणि दोन टाक्या स्वस्त पडतात, आणि कारागिराचा जीवही वाचतो.