जळगावचे विमान का थांबले? छोट्या धंद्यासाठी एक धडा

धंदा सुरू करणे आणि तो टिकवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या खानदेशातील विमानसेवेचा इतिहास हेच सांगतो.

छोटी शहरे विमानाने जोडण्याचा प्रयत्न जुना आहे. १९८१ साली एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून ‘वायुदूत’ काढली. तोटा वाढत गेला आणि १९९३ साली ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. २०१६ साली केंद्र सरकारने ‘उडान’ योजना आणली. निम्म्या आसनांचे भाडे तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपयांपर्यंत ठेवायचे आणि कंपनीची तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यायची, अशी ही योजना.

त्याखाली २३ डिसेंबर २०१७ रोजी कॅप्टन गोपीनाथ यांच्या ‘एअर डेक्कन’ने मुंबई–जळगाव विमान सुरू केले. थोड्याच महिन्यांत सेवेत खंड पडला. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, कंपनीने सारे कामकाज थांबवले.

याची कारणे समजून घ्या.

पहिले, हिशेब. विमान जेमतेम १८ आसनांचे. वैमानिकाचा पगार आणि दुरुस्ती यांचा खर्च प्रवासी कमी असले तरी चुकत नाही. १८० आसनांच्या विमानात दहा जागा रिकाम्या राहिल्या तर निभावते; इथे दहा रिकाम्या म्हणजे निम्म्याहून अधिक विमान रिकामे.

दुसरे, परावलंबन. गजबजलेल्या मुंबई विमानतळावर उतरण्याची सोयीची वेळ मिळणे कंपनीच्या हाती नव्हते. विमानेही मोजकीच, एक दुरुस्तीला गेले की फेरी रद्द.

तिसरे, गिऱ्हाईक. जळगाव–मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. रात्री गाडीत बसलेला सराफ सकाळी झवेरी बाजारात पोहोचतो. विमान जाईल की नाही याची खात्री नसेल, तर तो रेल्वेच धरणार. धुळ्याच्या व्यापाऱ्याला तर मुंबईसाठी आधी उलट दिशेने जळगाव गाठावे लागे, कारण धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवरून अशी नियमित प्रवासी सेवा नव्हती.

‘ट्रूजेट’ने २०१९ साली मोठी विमाने आणून जळगावची सेवा पुन्हा सुरू केली, ती कंपनीही फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. २०२४ साली ‘फ्लाय ९१’ जळगावात आली.

यंत्रमाग असो, गॅरेज असो की फर्निचरचा कारखाना, नवे काम काढण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारा. महिनाभर गिऱ्हाईक आले नाही तर भाडे, वीजबिल आणि मजुरी कोठून देणार? अनुदान संपल्यावर धंदा स्वतःच्या पायावर उभा राहील काय? एकच यंत्र बंद पडले तर दिलेला वायदा पाळता येईल काय?

स्वस्त दराने गिऱ्हाईक एकदा येते. वायदा पाळला तरच ते पुन्हा येते.