वर्षावास संपला तरी विहाराचा दिवा विझू नये



आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या वस्तीतले विहार रोज संध्याकाळी गजबजलेले असते. वंदना होते, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. कोणाच्या घरचा चहा येतो, कोणाची खीर येते. मग वर्षावासाची सांगता होते, धम्मचक्र प्रवर्तन दिन पार पडतो आणि विहाराच्या दाराला कुलूप लागते. त्यानंतर ते पौर्णिमेला, 6 डिसेंबरला, एखाद्या जयंतीला उघडते. नेमक्या याच दिवसांत रात्री मोठ्या होत जातात आणि माणूस लवकर घरात शिरतो. ज्याचे मन आधीच खचलेले आहे, त्याला ही लांब रात्र एकट्याने काढावी लागते. म्हणून या अंकात सर्दी-खोकल्याऐवजी हिवाळ्यातल्या मनाविषयी लिहीत आहोत.

थंडीत मनाला काय होते?

आपल्या मेंदूत झोपेचे आणि जागेपणाचे एक घड्याळ असते. डोळ्यांवर पडणारा सकाळचा उजेड ते घड्याळ रोज जुळवून देतो. नागपुरात जूनमध्ये दिवस तेरा तासांहून मोठा असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो अकरा तासांहूनही लहान होतो. उत्तरेकडच्या थंड देशांत हा फरक फार मोठा असतो. तिथे दर हिवाळ्यात येणाऱ्या उदासीनतेच्या आजाराचे वर्णन नॉर्मन रोझेन्थल या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली केले. आपल्याकडे हिवाळ्यातही ऊन भरपूर असते. त्यामुळे आपल्या वस्तीत केवळ उजेड कमी झाला म्हणून मन आजारी पडते, असे म्हणता येणार नाही. आपल्या हिवाळ्याची कारणे वेगळी आहेत.

पत्र्याच्या घरात पहाटे गारवा खाली उतरतो. चार माणसांत दोन ब्लँकेट असली की कोणाचीच झोप पुरी होत नाही. सांधे आखडतात, दमा उसळतो, आणि दुखण्याने झोप आणखी तुटते. झोप तुटली की चिडचिड, निराशा वाढते. नळाला पहाटे पाणी येते, तेव्हा घरातली बाईच अंधारात उठते आणि गार पाण्यात हात घालते. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागताना परततात. मागे म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले राहतात. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे, तिथला पहिला हिवाळा तर फारच जड जातो. 6 डिसेंबरला सारा समाज शोकात असतो, तेव्हा घरातले दुःखही वर येते.

दुःख आणि आजार यांतला फरक

दुःख होणे हा आजार नाही. बाबासाहेबांचा लहानगा राजरत्न 1926 साली गेला. 27 मे 1935 रोजी माता रमाई गेल्या. बाबासाहेब त्या दुःखाने कोलमडले होते, हे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. रमाईंना जाऊन पाच वर्षे झाल्यावर, 1940 साली, त्यांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांच्याच स्मृतीला अर्पण केला. एवढा मोठा माणूस आपले दुःख लपवत नाही. मग आपल्या घरातल्या रडणाऱ्या पुरुषाला 'बायकांसारखा काय रडतोस' असे कोणी म्हणू नये.

पण पुढीलपैकी बऱ्याच गोष्टी दोन आठवडे जवळजवळ रोज दिसत असतील, तर तो आजार असू शकतो:

- सतत उदास वाटणे, कशातच मन न रमणे
- झोप न लागणे, पहाटे लवकर जाग येणे किंवा दिवसभर झोपून राहावेसे वाटणे
- भूक मरणे किंवा फार वाढणे
- अंगात त्राण नसणे, अंघोळीचाही कंटाळा येणे
- लक्ष न लागणे, साधा निर्णयही न होणे
- 'माझा काही उपयोग नाही, मी सगळ्यांना ओझे झालो' असे वाटणे
- मरणाचे विचार येणे

हा आजार प्रत्येकात सारखा दिसत नाही. आजी 'मन उदास आहे' म्हणत नाहीत, 'अंग ठणकते, छातीत धडधडते' म्हणतात. पुरुषाचा राग वाढतो, दारू वाढते. मुलगा शाळा चुकवतो, भरतीची तयारी करणारा तरुण पुस्तक मिटून तासन्‌तास मोबाईल पाहत पडतो. बाळंतीण बाळाकडे पाहून रडते आणि घरचे म्हणतात, हिला कौतुकच नाही. या सगळ्यांना आळशी, नाटकी, बिनकामाचे ठरवणे सोपे असते, आणि तिथेच आपण चुकतो.

धम्म काय सांगतो?

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. त्याला जुलाब होत होते आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. भगवान बुद्ध आनंदासह तिथे आले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायाकडून धरून त्याला मंचकावर निजवले. मग बुद्धांनी संघाला बोलावून समजावले की, इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी.

मनाने आजारी असलेला माणूस त्या भिक्खूसारखाच कोपऱ्यात पडलेला असतो. तो आपण होऊन विहारात येत नाही, आपल्यालाच त्याच्याकडे जावे लागते. आपल्या श्रद्धेची खरी कसोटी तिथे लागते.

संयुत्त निकायात दोन बाणांचा दृष्टांत आहे. पहिला बाण लागतो तो दुःखाचा. काम सुटले, आजार आला, जवळचे माणूस गेले. तो बाण चुकवणे नेहमी आपल्या हाती नसते. पण त्यावर 'मीच नालायक, माझ्याच नशिबी हे' असा शोक करत बसले की तो दुसरा बाण. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'तुम्ही हलके' असे ऐकवले गेले, त्यांच्या मनात हा दुसरा बाण फार खोल रुतलेला असतो. बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो हा बाण उपटून टाकण्यासाठी. मनात असा विचार आला की स्वतःला सांगावे, हे आजारपण बोलते आहे, हे सत्य नाही.

वंदनेचाही मनाला उपयोग होतो. वेळ ठरलेली असते, दहा जणांच्या आवाजात आपला आवाज मिसळतो, श्वास लांब होतो. घरी रोज दहा मिनिटे ताठ बसून श्वास आत येताना आणि बाहेर जाताना नुसता पाहावा. मन भटकले तर रागावू नये, पुन्हा श्वासाकडे आणावे. मात्र ज्याला फार निराशा आहे किंवा कानात आवाज येतात, त्याला दीर्घ ध्यानाच्या शिबिराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाठवू नये.

वंदना हे औषधही नव्हे. स्वतः बुद्ध आजारी पडले तेव्हा त्यांनी जीवक वैद्यांचे उपचार घेतले. भगत, मांत्रिक, अंगारे-धुपारे हे आपण 22 प्रतिज्ञा घेऊन मागे सोडले आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला बांधणे, मारणे, चटके देणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

वस्तीने काय करावे?

1. विहार उघडे ठेवा. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष आणि माघ या चार महिन्यांत आठवड्यातून निदान तीन दिवस, संध्याकाळी अर्धा तास. वंदना, ग्रंथाची दोन पाने आणि चहा. वक्ता नको, माईक नको.

2. दहा घरे वाटून घ्या. महिला मंडळातल्या एकेका उपासिकेने दहा घरांकडे लक्ष द्यावे. जो सलग दोन दिवस दिसला नाही त्याचे दार वाजवावे. 'असं काय करता, हिंमत धरा' असा उपदेश करू नये. 'मावशी, दोन दिवस दिसल्या नाहीत, चहा ठेवता का माझ्यापुरता?' एवढे म्हणून बसावे आणि ऐकावे. ऐकलेले बाहेर सांगू नये.

3. सकाळचे ऊन घ्या. उठल्यावर अर्धा तास बाहेर उजेडात राहावे. निवडणे-टिपणे, वेणीफणी, म्हाताऱ्यांचा चहा उन्हातच होऊ द्या. झोपायची आणि उठायची वेळ शक्यतो रोज एकच ठेवावी, संध्याकाळनंतर चहा टाळावा.

4. दारूने थंडी जात नाही. दारू पोटात गेली की कातडीकडे रक्त धावते, म्हणून गरम वाटते. प्रत्यक्षात अंगातली ऊब बाहेर जाते. दारूने झोपही मोडते आणि उदासी वाढते. पाचवे शील हिवाळ्यात जास्तच जपावे. पण जो रोज भरपूर पितो, त्याची दारू एकदम बंद केल्यास झटके येऊ शकतात. त्याला दवाखान्यात नेऊनच सोडवावी.

5. ऊब वाटा. ज्या घरात पांघरूण कमी आहे तिथे विहाराच्या दानातून ब्लँकेट पोहोचवावे, फोटो न काढता. शेकोटी अंगणातच पेटवावी. दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यास विषारी वायूने झोपेतच जीव जातो.

डॉक्टरांकडे केव्हा?

दोन आठवडे झाले तरी फरक नसेल, कामधंदा आणि खाणेपिणे सुटले असेल तर आशाताईंना सांगा किंवा सरकारी रुग्णालयात जा. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा उपचार मिळतो. नागपूर, ठाणे, पुण्याचे येरवडा आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. घरून बोलायचे असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

उदासीनतेच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडू नका आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. ही औषधे म्हणजे नुसत्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणून घेणे मात्र घातक आहे.

कोणी मरणाची भाषा केली तर ती हसण्यावारी नेऊ नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ, प्रेमाने विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध आणि गोळ्या घरातून हलवा, आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. कोणी प्रयत्न केला असेल तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते आणि तिच्या उपचाराची जबाबदारी शासनावर आहे.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर लगेच घरी निघू नका. गोल बसा, आपल्या गल्लीतली घरे मोजा आणि दहा-दहा घरे वाटून घ्या. विहाराची किल्ली संध्याकाळी कोणाकडे राहील, तेही त्याच बैठकीत ठरवा. पुढच्या दिवशी जे पहिले दार वाजवायचे, ते बहुधा तुम्हाला आताच आठवले असेल.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जय भीम.