कायक कोणाचेही थांबू नये



महात्मा बसवेश्वरांच्या एका वचनात विलक्षण मागणे आहे. मन भलतीकडे धावू नये म्हणून पाय, डोळे, कान यांची शक्तीच हरपावी, असे ते देवाला विनवितात.

मागे बडोद्यास दांडिया बाजारात एका भक्ताच्या घरी आम्ही पूजेस गेलो होतो. ते सरकारी कचेरीत कारकून. आजाराने त्यांची दृष्टी गेली होती. ते म्हणाले, "स्वामीजी, साहेब म्हणतात घरी बसा. बसवण्णांनी मागितले ते मला मिळाले, असे समजायचे का?"

वाचकहो, या प्रश्नाने आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. पण विचार करा. हे मागणारे बसवण्णा स्वतः बिज्जळाच्या दरबारी कारभार पाहत होते. त्यांनी इंद्रियांचा संयम मागितला, कायकातून सुटका नव्हे. शिवाय ते मागणे स्वतःसाठी होते. त्याच्या आधारे दुसऱ्याला 'घरी बस' म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

नुलिय चंदय्या दोर वळीत, अंबिगर चौडय्या नाव चालवीत. शरणांचे कायक हीच त्यांची पूजा होती आणि त्यातूनच दासोह घडे. म्हणून ज्याचे कायक हिरावले, त्याच्या दासोहाचे दारही बंद झाले.

आज कायदाही हेच सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. सरकारी पदांत किमान चार टक्के आरक्षण आहे. समान संधीचे धोरण तर प्रत्येक आस्थापनेने जाहीर करावयाचे आहे.

आम्ही त्या भक्तास हे सांगून लेखी अर्ज करावयास लावले. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी संगणक प्रणाली मोफतही मिळते. ती शिकण्यास त्यांचा मुलगा मदत करू लागला.

आपल्यापैकी अनेकांचे दुकान आहे, कारखाना आहे. तेथे पायरीशेजारी उतार आहे का? बहिऱ्या कामगारास सूचना लिहून मिळते का? जागा भरताना आपण आधी व्यंग पाहतो की कसब? ही सोय म्हणजे उपकार नव्हे. इष्टलिंग धारण करणाऱ्यांत आपण उच्चनीच मानीत नाही. तीच दृष्टी कामाच्या जागीही ठेवावी, एवढेच.

शरणु शरणार्थी.