मोडीचे वळण आणि वर्गातील हस्ताक्षर

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. त्यातील अक्षरे एकेक करून कोरलेली आहेत. छिन्नीला घाई नसते. बोरूने हिशेब व पत्रे लिहिणाऱ्या कारकुनास मात्र ती असे, आणि त्याच्या सोयीची लिपी मोडी होय. (ती हेमाडपंताने आणली असे परंपरा सांगते, त्यावर एकमत नाही.) आधी ओळभर रेघ ओढावयाची आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जावयाची, ही तिची रीत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्दाशब्दांत अंतर नाही. फाळणीनंतर उल्हासनगरात वसलेल्या सिंधी समाजातही पूर्वी व्यापारी हिशेबासाठी स्वरचिन्हे बहुधा गाळलेली वाणिका लिपी वापरीत. गरज तीच होती.

छपाईस बालबोध सोयीची ठरली आणि १९५० च्या सुमारास मोडी कारभारातून व हळूहळू शाळेतूनही गेली. त्याची झळ घरोघर लागली. ठाणे जिल्ह्यातील जमिनीचे कित्येक जुने कागद मोडीत आहेत. आजोबांची सही असलेले खरेदीखत नातवास वाचता येत नाही व त्यासाठी जाणकार शोधावा लागतो.

आता बालबोध हस्ताक्षराचा तासही आखडत चालला आहे. फिनलंडने २०१६ पासून जोडाक्षरी वळण सक्तीचे ठेवले नाही. उलट कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून ते शाळांत परत आणले.

मोडी संपूर्ण शिकविणे प्राथमिक वर्गास झेपणारे नाही, परंतु तिची चाल घेता येईल. पुष्कळ मुले प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ देतात, त्यामुळे हात अडखळतो आणि शब्द तुटतो. शिक्षकांनी पूर्ण शब्द लिहवून मग त्यावर एकच शिरोरेषा ओढावयास लावावी. प्रारंभी धुळाक्षरे किंवा पाटी बरी. तपासताना वहीतील अक्षरापेक्षा लिहिणारा हात पाहावा. चूक तेथे दिसते. कित्ता दहा मिनिटांहून अधिक गिरवू नये, कंटाळलेला हात वळण बिघडवितो.

वरच्या वर्गात बदलापूरकडील खेड्यांतील मुलांना घरचा मोडी कागद आणावयास सांगून त्यातून आपल्या गावाचे नाव शोधावयास लावावे. मूळ कागद घरीच राहू द्यावा, छायाप्रत पुरे.